तिसरी हाक

१२ नोव्हेंबर

आलो एकदाचा! एक ट्रंक, एक वळकटी, छत्री, पुस्तकांची गाठोडी आणि मी, असा सगळा ऐवज एका टेम्पोत मावला. ठकी फाटकातच उभी होती, हाताला पीठ तसंच. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी टणक नि गोल होती म्हणून ठकी म्हणायचो. आता लग्न होऊन संसाराला लागली, तरी माझ्या तोंडी तेच नाव. तिची आई गेल्यापासून पोरीनं माझ्यामागे टुमणं लावलं होतं की एकटे राहू नका, इकडे या. शेवटी शाळेच्या गावाला रामराम ठोकला.

जावईबापूंनी गाठोडी स्वतः उचलली. कातडी कमावण्याच्या कारखान्यात ते हौदांवर मुकादम आहेत. म्हणाले की ओली कातडी रोज उचलतो, पण सासऱ्यांच्या कविता त्याहून जड भरल्या. ठकी खुदकन हसली. उशिरा जमलेलं लग्न, पण दोघं एकमेकांकडे अशी बघतात की मध्ये बसलेल्या म्हाताऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. बरं वाटलं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, कंपनीचं. माझ्या खिडकीतून सगळं आवार दिसतं. एकाच मालकाचे कारखाने एकाच भिंतीच्या आत: ओतकामाची भट्टी, कातड्याचे हौद, दगड दळायची गिरणी, पॅकिंगचं गोदाम. चार धुराडी, चार रंगांचे धूर. वर जाऊन सगळे एक होतात, मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गांची मुलं मिसळतात तसे.

जेवताना ठकीनं तिच्या शाळा-शाळा खेळाची आठवण काढली. माझा चष्मा नाकावर चढवून ती बाई व्हायची आणि समोर एकटा मी म्हणजे अख्खा वर्ग. मी मुद्दाम गप्प राही. पहिली हाक, दुसरी हाक, आणि मग तिसरी, लांबवलेली, रडवेली, शेवटी किंचित वर जाणारी: बाऽऽबाऽ. त्या हाकेला कितीही डुलकी लागलेली असो, तोंडातून ‘हजर’ निघायचंच. आज तिनं तशीच हाक मारून दाखवली. आणि गंमत अशी की घास तोंडात असताना मी ‘हजर’ म्हणालोदेखील.


१५ नोव्हेंबर

या वयात नोकरी! स्वतःचंच हसू येतंय.

जावईबापूंनी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कानावर माझी गोष्ट घातली होती. या साहेबांना सगळे ‘शून्यसाहेब’ म्हणतात, कारण फाटकावरच्या फलकावर ‘अपघात’ या शब्दापुढे ते आले त्या वर्षापासून शून्यच आहे. गोरेगोमटे, मृदू, बोलताना समोरच्याच्या बाहीवरची धूळ झटकणारे. म्हणाले की आमच्याकडे ‘हलक्या कामाची खोली’ आहे. कुणाला थोडंफार लागलं-खुपलं की तो घरी कुढत बसण्यापेक्षा तिथे येऊन बसतो. त्यांना काहीतरी वाचून दाखवणारा माणूस हवा. आणि हजेरी घ्यायला. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. हजेरीपट वगैरे काही नाही, तोंडानं खणखणीत हाक मारायची.

मग त्यांनी मला हजेरी घेऊन दाखवायला सांगितलं. समोर रिकाम्या खुर्च्या. मी जुन्या वर्गातली नावं घेत गेलो. चाळीस वर्षांनी बाकं आणि पावसाळी कोटांचा वास परत आला. साहेब डोळे मिटून ऐकत होते. नंतर म्हणाले की यापूर्वी एका कारकुनाला हे काम दिलं होतं, पण अलीकडे त्याच्या आवाजाला लोक ओ देत नसत. मास्तरचा आवाज तो मास्तरचा. आणि मग तिसऱ्या हाकेबद्दल विचारलं.

तेही जावईबापूंनी सांगितलेलं! माझी रीत अशी: दोन हाकांना जो ओ देत नाही, त्याला सगळी हजेरी संपल्यावर पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा, प्रेमानं हाक मारायची. वाटेत धापा टाकत पळत येणारं पोर असतं एखादं. त्याचा दिवस बुडू नये.

साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले की आम्हालाही एवढंच हवंय. कुणाचा दिवस बुडू नये.


१८ नोव्हेंबर

वर्ग भरला. पुन्हा एकदा माझा वर्ग भरला!

खोली गोदामाच्या माथ्यावर आहे. बाहेरून उभा लोखंडी जिना, पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. कठडा हलतो. आत पांढरा चुना, उंच खिडक्या, लांब बाकं. सुरुवातीला मी माझी स्वतःची कविता म्हटली, वर्गाच्या हजेरीसाठी तरुणपणी रचलेली:

उठा फुलांनो, दार उघडले, सूर्य पुकारे नाव,
ज्याने त्याने हजर म्हणावे, जागा झाला गाव.

टाळ्या पडल्या. त्यात एक टाळी विचित्र, थपथप अशी. ती पान्ह्याची. पान्हा म्हणजे फिटर, त्याच्या उजव्या हाताची बोटं प्रेसनं खाल्ली आहेत. म्हणाला की सर, मला उत्तर येत असलं तरी बोट वर करायला सांगू नका. सगळे हसले. मीही हसलो, मग लाज वाटली.

माणसं कारखान्यांप्रमाणे बसतात. भट्टीवाले खिडकीशी, कारण त्यांना ऊन लागत नाही असं ते म्हणतात. त्यांच्या हातांवर चकचकीत गुलाबी डाग. गिरणीवाले भिंतीला टेकून, तोंडावर फडकी, सारखे खोकतात. हौदांवरच्या बायका हात पदराखाली लपवतात. एकीचा दिसला, साल काढलेल्या बटाट्यासारखा. गोदामवाल्यांना वरून काही दिसत नाही, फक्त उठताना ते भिंतीला धरतात. बघता बघता माझ्या लक्षात आलं की हात न बघताही मला कोण कुठला ते सांगता येईल. प्रत्येक धंदा माणसाचा घास घेतो, पण प्रत्येकाची आवडती जागा वेगळी.

मागच्या बाकांवर काही जण आहेत, हजेरी सुरू झाली तेव्हा माझ्या नजरेत भरले नव्हते. ते दोन हाकांना गप्प राहिले, तिसरीला मात्र बरोबर ‘हजर’ म्हणाले. आळशी पोरं सगळ्या वर्गांत मागेच बसतात.

निघताना पान्हा जवळ आला. म्हणाला की सर, तुमची कविता झकास, पण ती तिसरी हाक तेवढी मारू नका. मी विचारलं का. त्यानं खांदे उडवले. म्हणाला की मागची मंडळी दमलेली असतात, झोपू द्या की.


२२ नोव्हेंबर

शून्यसाहेबांनी आज चहाला बोलावून आपलं शास्त्र समजावलं. शंभर कामगारांमागे वर्षात किती जण जायबंदी होतात, त्यावर कारखान्याची पत ठरते. बाहेरच्या जगात भट्ट्यांचा आकडा वाईट, बांधकामाचा त्याहून वाईट. लोकांना वाटतं गोदाम म्हणजे खोकी उचलणं, त्यात काय मोठं. पण कंबरा मोडण्यात गोदामं भट्टीच्याही पुढे, आणि रुग्णालयातल्या परिचारिका गोदामाच्याही पुढे. जावयाचं कौतुक करावं तसं ते या आकड्यांबद्दल बोलत होते.

मी भाबडेपणानं विचारलं की मग आपल्याकडे शून्य कसं, वर तर सबंध वर्ग भरलाय.

ते हसले. म्हणाले की सर, माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तरच तो अपघात. आला, तर ती घटना. आपल्याकडे सगळे येतात. आणि खोकल्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले की आजाराला तारीख नसते, आणि ज्याला तारीख नाही ते मोजायचं कसं?

चहा चांगला होता. पण दुसरा कप मी नको म्हणालो.


२९ नोव्हेंबर

आज गोदामातल्या एका बाईला खुर्चीसकट वर आणलं. कण्याला मार. तिला ‘हजर’ म्हणताना कळ आली आणि ती ओठ चावून रडली. मी साहेबांना म्हणालो की हिला घरी निजू द्या. त्यांनी तिच्या बाहीवरची धूळ झटकली. म्हणाले की घरी एकटी कंटाळेल, इथे तुमच्या कविता आहेत.

मी तिला तीन कविता जास्त म्हणून दाखवल्या. दुसरं काय करणार?

एक गोष्ट लिहून ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे सोडतात. मागच्या बाकांवरचे सोडत नाहीत. चहा फिरतो, तोही घेत नाहीत. ठकीला सांगितलं तर म्हणाली की बाबा, तुम्हाला सगळ्यांच्या ताटात डोकवायची जुनी खोड आहे. जावईबापू मात्र जेवता जेवता थांबले आणि पाण्याचा पेला बघत बसले.


४ डिसेंबर

सकाळी कविता चालू असताना खालून एक आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा, पण फार मोठा. भोंगा झाला नाही. खिडकीतून पाहिलं. भट्टीपासून चौघे जण ताडपत्री धरून निघाले होते. ताडपत्रीतून वाफ येत होती.

पान्ह्यानं खिडकी लावून घेतली. मागच्या बाकावरचे सगळे थोडे सरकून बसले. एका माणसाची जागा झाली.


५ डिसेंबर

शून्यसाहेब पहाटेच क्वार्टरवर आले आणि हजेरीत एक नाव वाढवायला सांगून गेले. मला वाटलं, वाचला बिचारा.

पहिली हाक मारली. ओ नाही. दुसरी. ओ नाही. बाकीची हजेरी आटपली. मागच्या बाकावर ती जागा तशीच रिकामी, तिच्यावर सकाळचं स्वच्छ ऊन. मला वाटलं जिना चढत असेल. भाजलेला माणूस, वेळ लागणारच. आणि मी माझ्या नेहमीच्या आवाजात, पोराला चुचकारावं तशी, तिसरी हाक मारली.

‘हजर.’

जिन्यावर पाऊल वाजलं नाही. दार उघडलं नाही. ऊन होतं तिथे माणूस होता. त्याच्याकडे मी फार वेळ बघू शकलो नाही. धातू गळ्याशी गोठलेला होता, आणि त्याखाली अजून काहीतरी लाल होतं, हलत होतं.

दाराशी उभे असलेले साहेब माझ्याकडे बघून कौतुकानं मान डोलावत होते.

मी पुस्तक उघडलं. मी वाचलं. खरंच सांगतो, मी वाचत राहिलो.


९ डिसेंबर

आज धीर करून त्या भट्टीवाल्याजवळ बसलो. त्याचं बोलणं म्हणजे निखाऱ्यावर फुंकर मारल्यासारखं, पण कळतं. तो म्हणाला की हाक नसते तेव्हा काहीच नसतं. अंधारही नाही. गार, नुसतं गार. मग हाक येते आणि तो थेट त्या क्षणात येऊन पडतो, वितळल्या धातूचं ओतपात्र कलंडतं त्या क्षणात. तो क्षण पुढे सरकतच नाही. सकाळची हाक जेवणापर्यंत पुरते, जेवणानंतरची दिवस मावळेपर्यंत.

मी म्हणालो की मग ओ देऊ नकोस. तो म्हणाला की सर, तुम्हा मास्तर लोकांनी पहिलीपासून शिकवलंय ना आम्हाला. जीभ आमची नाही राहिली.

बाकावरचे बाकीचेही माझ्याकडे बघत होते. गिरणीतले दोघे, त्यांच्या नाकातोंडातून दगडाचं पीठ झरत होतं. हौदातली एक मुलगी. मी त्यांना रोज हाका मारल्या होत्या. प्रेमानं.


१० डिसेंबर

साहेबांना सांगितलं की मी तिसरी हाक मारणार नाही.

त्यांनी रागावल्याचं दाखवलंही नाही. म्हणाले की तुमची मर्जी. हजर आहे तोवर घरच्यांचं क्वार्टर. गैरहजर झाला की त्याच दिवशी खाली करायचं, हा नियम मी नाही केला. भट्टीवाल्याची बायको आणि म्हातारी आई पलीकडच्या गल्लीत राहतात. हवं तर तुम्हीच सांगून या.

गेलो. दारातून म्हातारी दिसली. लेक संध्याकाळी येऊन खिडकीशी बसतो म्हणून तिनं तिथे उशी ठेवली होती. उशी मधोमध जळलेली. ती मला म्हणाली की मास्तर, तुमचे उपकार झाले.

परत आलो. हाक मारली.


१६ डिसेंबर

साहेब आज वर्गात आले. चालू कवितेत कधी येत नाहीत. माझ्या बाहीवरची धूळ झटकली. खडू नसतो हल्ली, धूळ कसली?

म्हणाले की हौद साफ करायला एक जण उतरला होता, खाली वायू साठलेला. त्याला काढायला मुकादम उतरला. दोघंही

मुकादम म्हणजे जावईबापू.

उद्याच्या हजेरीत दोन नावं वाढवा, म्हणाले.


१७ डिसेंबर

पहिली हाक मारली. दुसरी मारली. मग मी तोंड मिटून घेतलं. दोन जागा रिकाम्याच राहिल्या, आणि मी मनात म्हणत होतो, गार असा बापू, गार असा.

घरी आलो तर ठकी दारात. साहेब येऊन सगळं सांगून गेले होते. मी क्वार्टरचं बोलू लागलो, की आपण परत आपल्या गावी जाऊ. ती म्हणाली की क्वार्टर गेलं चुलीत. तिला ते खुर्चीत हवेत, बस्. कसेही. तिनं माझे पाय धरले. म्हणाली की गावभरच्या पोरांना तिसरी हाक मारलीत, एकाचाही दिवस बुडू दिला नाहीत, आणि माझ्याच माणसाच्या वेळी तुमचं तोंड शिवलं?

मी तिला त्या गार असण्याबद्दल सांगितलं. भट्टीवाल्याबद्दल सांगितलं. ती ऐकतच नव्हती. त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत बसली होती.


१८ डिसेंबर

मारली.

आले.


१९ डिसेंबर

वर्ग सुटला की ते घरी येऊन खुर्चीत बसतात. ठकी समोर पाटावर. तिनं केस विंचरलेत, नवी साडी नेसलीय. सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवते, जणू हवेनं काही होणार आहे. त्यांचं तोंड उघडतं, मिटतं, उघडतं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. श्वास आत जातच नाही. डोळे बाहेर आलेले. गळ्यावर त्यांचीच नखं. दिवस मावळेपर्यंत.

ठकी त्यांना दिवसभराच्या गोष्टी सांगते. मध्येच हसते.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा त्यांनी माझा हात पकडला. थंडगार, ओला हात. माझा तळवा उचलला आणि माझ्या तोंडावर दाबून धरला. माझ्या तोंडावर.

कळलं, बापू.


२२ डिसेंबर

रविवार. हजेरी नाही. खुर्ची रिकामी. किती दिवसांनी मला बरं वाटलं! खिडकीत बसून त्यांच्यासाठी एक जुनी कविता म्हटली.

ठकीनं सकाळपासून पदरात तोंड खुपसलं होतं. दुपारी उठून कुठेतरी गेली. आली ती हसतच. साहेबांना भेटून आली होती. तिनं त्यांना विनवलं, आणि साहेब कबूल झाले.

आता रविवारीही हजेरी.


२६ डिसेंबर

गोदामातली कण्याची बाई आता मागच्या बाकावर बसते. कुणाला कळलंही नाही कधी सरकली. खुर्चीतच गेली, माझी कविता ऐकता ऐकता. आज तिला तिसरी हाक लागली.

फाटकावर नवा फलक. शून्य. सोनेरी रंगात.

ठरलं. उद्या नाही. कुणालाच नाही.

ठकीला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. मला चहा करून दिला. माझा चष्मा पुसून दिला आणि, गंमत म्हणून, क्षणभर स्वतःच्या नाकावर ठेवून बघितला.


२७ डिसेंबर

नाही मारली. सकाळी नाही, जेवणानंतर नाही. मागची बाकं एकामागून एक रिकामी. नुसतं ऊन. भट्टीवाला कालची हाक संपताना माझ्याकडे बघून हसला होता, तो शेवटचा. पान्ह्यानं येऊन बिनबोटांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाला की सर, आज वर्ग सुटला.

साहेब दारात होते. मला वाटलं होतं चिडतील. म्हणाले की विश्रांती घ्या, तुमचा आवाज थकलाय. आवाज काय, शिकवला की दुसऱ्याला येतो. लहानपणी शिकवला तर फारच छान येतो.

मला तेव्हा समजलं नाही.


२८ डिसेंबर

घरात ठकी नाही. टेबलावर चष्मा नाही. चूल गार.

खिडकीतून ऐकू येतंय. गोदामाच्या माथ्यावरून. तिचा आवाज. माझ्यासारखा, हुबेहूब, हेलसुद्धा. उठा फुलांनो, दार उघडले

मी जातो. थांबवतो तिला. तिला कळत नाही ती काय


तारीख कळत नाही

मान एका बाजूला पडली आहे, म्हणून ओळी तिरक्या येताहेत. वही कोटाच्या खिशातच होती.

आठवतं ते असं. जिना. वरून तिची हाक, त्यांच्या नावाची, तिसरी. मी पळत चढलो. या वयात. कठडा हातात आला. मग गार. खरंच गार आहे तिथे, भट्टीवाल्यानं खोटं नाही सांगितलं. काहीच नाही. इतकं सुंदर काहीच नाही.

मग बाऽऽबाऽ.

आणि पुन्हा कठडा हातात येतोय. पुन्हा मान. पुन्हा पुन्हा.

मागच्या बाकावर आहे. शेजारी बापू, तोंड उघडतंय, मिटतंय. भट्टीवाला परत आलाय. सगळे परत आलेत. ती सगळ्यांना बोलवते. मास्तरांची मुलगी ना. कुणाचा दिवस बुडू नये.

ती टेबलाशी बसली आहे, माझा चष्मा लावून. आमच्याकडे बघून हसते. तिचे दोघंही तिच्यासमोर. घर भरलं, असं पान्ह्याला सांगत होती. पान्हा रडत होता.


तिथेच

जेवणाची सुट्टी. आमच्यापुढे डबे नाहीत. थोडाच वेळ, मग दुपारची हजेरी. सकाळची हाक विरत आली, कडेनं गार लागतंय.

बापूंशी ठरवलंय. त्यांनी मान हलवली. तिसरीला दोघांनी गप्प राहायचं. एकदा ओ मिळाली नाही की संपलं, ती एकटी किती हाका मारील? रडेल. रडू दे. मग गावी जाईल. जगेल.

त्यांची जीभ त्यांची नाही. पण माझी? मी मास्तर होतो. आयुष्यभर हजेरी मी घेतली. मला ज्यांनी शिकवलं ते कधीच गेले. माझी हजेरी घेणारं आता कुणीच

एक सोडून.

घंटा झाली. चष्मा पुसतेय ती.

बापूंचं नाव. एक. दोन. ते गप्प आहेत, शाबास.

माझं. एक.

दोन. तोंडावर हात दाबलाय. लिहितोय म्हणजे तोंड—

बाकीचे संपले. आता बापूंची तिसरी. त्यांनी दातांखाली जीभ— रक्त— नाही— म्हणाले. म्हणालेच.

माझ्याकडे बघतेय. ठकी, नको. मला नाही खेळायचं. बाबा झोपलेत. बाबांना झोपू दे गं—

बाऽऽ

ऐकायचं नाही फुलांनो दार उघडले सूर्य—

बाऽ

हज